सैल पट्टा

आमचे मेव्हणे अमेरिकेत असतात, हे वाक्य रत्नागिरीत आता कुणी मान वळवून ऐकत नाही. पूर्वी 'तो अमेरिकेत असतो' म्हटलं की समोरचा माणूस तोंडातलं पान थुंकून यायचा आणि सावरून बसायचा. आता आमच्या आळीत ज्याचं कुणीच अमेरिकेत नाही, त्याचीच लोक हळू आवाजात चौकशी करतात : "काय हो, मुलाचं काही जमलं नाही का?" तेव्हा मेव्हण्यांचा पत्ता मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे या मजकुरात गवत येणार आहे आणि ते गवत न्यू जर्सीतलं आहे, एवढ्याचसाठी सांगतो.

आता गवत म्हणजे कोकणातल्या माणसाला काही अपूर्वाईची वस्तू नव्हे. आमच्याकडे गवत लावावं लागत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ते कौलांवर, गडग्यावर, विहिरीच्या काठावर आणि बंद पडलेल्या स्कूटरच्या सीटवरसुद्धा आपण होऊन उगवतं. सप्टेंबरअखेरपर्यंत तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पिऊन ते कमरेच्या वर जातं. मग दिवाळीच्या सुमाराला कलमांच्या बागांतून ते काढायचं. पूर्वी विळ्याने, आता पेट्रोलवर चालणारं आणि गळ्यात अडकवायचं ते भुणभुणतं यंत्र आलं आहे त्याने. पण काढलेलं गवत वाया जात नाही. ते गुरांना होतं, पूर्वी छपरांना व्हायचं. भाताचा पेंढा आंब्याच्या अढीला लागतो. थोडक्यात, आमच्या गवताला जमेची बाजू आहे.

मेव्हण्यांच्या गवताला ती नाही. त्यांच्या घराभोवती पाऊण एकर हिरवळ आहे. ती बी पेरून लावतात, तिला खत घालतात, पाणी पाजतात, आणि एवढे लाड करून ती जोमाने वाढायला लागली की दर शनिवारी कापून टाकतात. दारात गाय नाही, म्हैस नाही, एक शेळीसुद्धा नाही. बी.कॉम.ला कॉस्टिंग घेतलेल्या माणसाला हा व्यवहार कुठल्या खात्यात टाकावा ते कळत नाही. बरं, कापायचं नाही म्हटलं तर तेही चालत नाही. तिथल्या बऱ्याच गावांतून गवत अमुक इंचांच्या वर गेलं की घरमालकाला पत्र येतं. आमच्या नगरपालिकेने हा नियम लावला तर पावसाळ्यात तिला दुसरं काही कामच उरायचं नाही.

एक अध्यक्ष मात्र शहाणा निघाला. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, वुड्रो विल्सन यांनी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर चक्क मेंढ्या सोडल्या होत्या. गवत कापायची माणसं वाचली, आणि वर मेंढ्यांची लोकर लिलावात विकून पैसे रेडक्रॉसला दिले. याला म्हणतात ताळेबंद! पण मेंढ्यांची प्रथा काही टिकली नाही. यंत्र तर त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. १८३० साली इंग्लंडात ग्लॉस्टरशरच्या एडविन बडिंग नावाच्या गृहस्थांनी ते काढलं. लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र गिरणीत बघितलं आणि त्यांच्या मनात आलं, की जमीन तरी दुसरं काय आहे? बडिंगसाहेबांचं यंत्र माणसाने ढकलायचं होतं. मेव्हण्यांचं यंत्र बसायचं आहे. म्हणजे छोटा ट्रॅक्टरच. त्याला खुर्ची आहे, सुकाणू आहे आणि चहाचा पेला ठेवायला खळगासुद्धा आहे. पोटाखाली उपड्या परातीसारखा एक पत्र्याचा डबा असतो, त्यात पाती गरगर फिरतात आणि त्या पात्यांना इंजिनकडून फिरवतो तो एक रबरी पट्टा.

हा पट्टा सैल झाला.

पाती सुरू केली की पट्टा किंचाळायचा, गवत निम्मं कापलं जायचं आणि निम्मं नुसतं आडवं पडायचं, आणि वळण घेताना पट्टा पुलीवरून उतरून मोकळा व्हायचा. मेव्हण्यांनी नवा पट्टा आणून घातला. तोही दुसऱ्या शनिवारी उतरला. मग आणखी महागाचा आणला. तो तिसऱ्या शनिवारी. दुरुस्तीच्या दुकानाने सांगितलं, हंगाम आहे, तीन आठवडे लागतील, आणि आकडा असा सांगितला की तो रुपयांत केल्यावर माझ्या गृहकर्जाचा हप्ता त्याच्यापुढे पोरका दिसायला लागला.

आता हा सगळा इतिहास मला कळायचं कारण म्हणजे आमचा शनिवारचा फोन. सासूबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली. मेव्हणे त्या वेळी आले होते, ते शेवटचे. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे त्यांच्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊला, माझ्या मोबाइलवर चित्रासकट फोन येतो. अण्णा, म्हणजे आमचे सासरे, स्वतः तसला मोबाइल वापरत नाहीत. "बोलताना माणसाच्या नाकपुड्या कशाला बघायच्या?" असं त्यांचं मत आहे. त्यामुळे मी मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जातो, तो तांब्याला टेकवून उभा करतो आणि बाजूला बसतो. या फोनचा मजकूर पासबुकातल्या नोंदींसारखा ठरलेला.

"बरा आहेस?"

"हो. तुम्ही?"

"मला काय होतंय! पाऊस आहे का तिकडे?"

"नाही."

"इथे आहे. जावईबापूंशी बोल. ठेवतो."

एकदा मी बँकेच्या सवयीने घड्याळ लावून पाहिलं. एक मिनिट पन्नास सेकंद. पंचवीस वर्षं परदेशात असलेला मुलगा आणि ऐंशी उलटलेला बाप, यांच्यात आठवड्याला एवढीच उलाढाल. भांडण म्हणाल तर नाही. पण पुष्कळ खाती अशी असतात की त्यांत भांडण नसतं, नुसती नोंद नसते.

त्या शनिवारी मात्र मेव्हणे फोनवर आले ते गवताने माखलेले. कपाळाला काळं वंगण. आमच्या हिने विचारलं, "दादा, हे काय रे?" तर म्हणाले, "अगं, मोअरचा बेल्ट. परत घसरला. जाऊ दे, तुला नाही कळायचं."

आरामखुर्चीतून आवाज आला, "कसला पट्टा? सपाट की व्ही?"

मी चमकून बघितलं. अण्णा पुढे सरकून बसले होते.

इथे अण्णांचा पूर्वेतिहास सांगायला हवा. त्यांची खेडशीच्या वाटेवर पिठाची गिरण होती. १९६८ साली त्यांनी ती तेलाच्या इंजिनावर सुरू केली. इंजिनाच्या धुराड्याची टुकटुक ऐकून गिरण चालू आहे की नाही ते लोकांना घरबसल्या कळायचं. पुढे विजेची मोटर आली आणि टुकटुक गेली, पण पट्टा राहिला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धावणारा तो हातभर रुंद पट्टा म्हणजे गिरणीचा प्राण. त्याचा सांधा पुलीवरून जाताना एक 'फट्' आवाज यायचा आणि त्या 'फट् फट्'च्या तालावर अण्णांनी दोन मुलं शिकवली. मेव्हणे लहानपणी शाळेत जाताना केसांतलं पीठ झटकत जायचे, असं आमची ही सांगते. 'गिरणवाल्याचा' म्हटलं की त्यांना राग यायचा. इंजिनिअर झाले आणि गेले. गिरण २००९ साली बंद झाली. घरोघर कपाटाएवढ्या चक्क्या आल्यावर ती चालणार तरी कशी? मोटर विकली. जातं विकलं. पट्टा कुणी घेतला नाही.

"व्ही आहे, अण्णा," मेव्हणे म्हणाले. "पण तुमच्या गिरणीतल्यासारखं नाही ते. हे वेगळं असतं."

"पट्टा तो पट्टाच. पुलीच्या खाचेत कुठे बसतोय? तळाला टेकतोय की कडांवर?"

मेव्हणे गप्प. हा प्रश्न त्यांना त्या महागड्या पट्ट्याच्या पुठ्ठ्यावर कुणी विचारला नव्हता.

मग अण्णांनी आम्हां सर्वांना पट्टा म्हणजे काय ते सांगितलं. ते मी थोडक्यात लिहितो, कारण चाळीस वर्षं मी पाहतोय ती गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली. सपाट पट्टा पाठीने धरतो, म्हणून तो घसरायला लागला की त्याला राळ लावतात. त्याची पुली मधोमध किंचित फुगीर असते. आपल्याला वाटेल की फुगवट्यावरून पट्टा खाली घसरेल. उलटं होतं. पट्ट्याची खोड अशी, की तो नेहमी उंचवट्याकडे चढतो, म्हणून मध्यावर राहतो. (बँकेत मी ही खोड असलेली पुष्कळ माणसं पाहिली आहेत.) व्ही पट्ट्याचं तसं नाही. १९१७ च्या सुमाराला डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी तो काढला असं सांगतात. तो खाचेत पाचरीसारखा रुततो आणि दोन्ही कडांनी धरतो. जितकी ओढ जास्त, तितका जास्त रुततो. म्हणून त्याला राळ लावायची नाही, तेल लागू द्यायचं नाही, आणि तो तळाला टेकला की समजायचं, एक तर पट्टा झिजला किंवा मापच चुकलं. पट्ट्याच्या अंगावर माप छापलेलं असतं. 'बी ५२' म्हणजे सतरा मिलिमीटर रुंदीचा आणि आतून बावन्न इंच लांबीचा. पत्रिका जुळवताना आपण जेवढं बघतो त्याच्यापेक्षा हे जास्त भरवशाचं.

"कडांवर बसतोय," मेव्हणे मशीनखाली डोकं घालून म्हणाले. "मापही बरोबर आहे."

"मग पट्ट्याला शिव्या देऊ नकोस. पट्टा आपण होऊन सैल होत नाही. त्याला ताणून धरणारा कोण आहे, तो बघ."

ताणून धरणारा होता. एका लोखंडी हाताच्या टोकाला बसवलेली एक रिकामी पुली. ती काही चालवत नाही, नुसती पट्ट्याला कुशीत दाबून धरते. खुर्चीजवळचा खटका ओढला की स्प्रिंग ताणते, स्प्रिंग त्या हाताला ओढते आणि पुली पट्ट्याला दाबते. खटका सोडला की पट्टा ढिला, पाती बंद.

"एकेक पुली हाताने फिरव आणि फोन जवळ धर," अण्णा म्हणाले, आणि डोळे मिटून बसले.

साडेबारा हजार किलोमीटरवरून एक पुली फिरल्याचा आवाज आमच्या माजघरात आला. बाहेर पाऊस कोसळत होता. अण्णांनी बोटाने 'पुढची' अशी खूण केली. दुसरी. तिसरी, म्हणजे ती रिकामी पुली, घरघरली. मला तो आवाज आणि नेहमीचा नेटवर्कचा आवाज यांतला फरक कळला नाही.

"हिच्यातलं वंगण संपलंय. पण छर्रे शाबूत आहेत, अजून वर्ष काढील. रोग हिच्यात नाही. आता तो हात हलतो का बघ."

मेव्हण्यांनी हात आत घातला.

"चावी कुठाय?" अण्णांनी एकदम विचारलं.

"लावलेलीच आहे. पण मशीन बंद आहे."

"हात काढ!"

हा आवाज मी लग्नाला एकवीस वर्षं होऊनही कधी ऐकला नव्हता. स्वयंपाकघरातून आमची ही धावत आली. मेव्हण्यांनी हात बाहेर काढला, पण चेहरा पडला. ते म्हणाले, "अण्णा, बंद आहे म्हणतोय ना! तुम्हांला अजून वाटतं की मला यातलं काही कळत नाही. गिरणीत तरी कधी पट्ट्याला हात लावू दिलात? जरा जवळ आलो की 'चल, जा, अभ्यास कर.'"

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी उजवा हात मोबाइलसमोर धरला. त्यांची तर्जनी एका पेराने कमी आहे, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. दारात सापडली म्हणून.

"दारात सापडलं असं तुझी आई सांगायची," अण्णा म्हणाले. "दारात नाही. चालत्या पट्ट्याला राळ लावत होतो. तू चार वर्षांचा होतास, समोर पोत्यावर बसला होतास, आणि तुझ्या हातातपण राळेचा खडा होता. माझं बघून तूही पट्ट्याकडे यायला निघालास. तुझ्याकडे बघितलं, तेवढ्यात गेलं." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणून."

पलीकडे न्यू जर्सीत एक पक्षी ओरडत होता तो स्पष्ट ऐकू आला.

"आता चावी काढ," अण्णा म्हणाले. "खिशात टाक. प्लगची वायर उपटून बाजूला ठेव. मग काय तो हात घाल."

मेव्हण्यांनी चावी काढली, मोबाइलला दाखवली आणि खिशात टाकली. वायर उपटून तीही दाखवली. पाचवीतल्या मुलाने पाटी दाखवावी तशी.

मग पुढचा तासभर मी काय सांगू? दोघे जण दोन देशांत एका लोखंडी हाताच्या मागे लागले होते. तो हात अर्ध्यावरच अडकत होता. जिथे तो खिळीवर फिरतो तिथे तीन वर्षांचं गवत, माती आणि गंज यांचं सिमेंट झालं होतं. खटका ओढला की स्प्रिंग बिचारी ताणायची, पण हात काही पुरता यायचा नाही. मग पट्टा सैल राहायचा, आणि लोक त्यालाच बदलत बसायचे. बँकेतही हेच चालतं. साहेब हलत नाही, आणि बदली कारकुनाची होते.

"रॉकेल घाल," अण्णा म्हणाले.

"रॉकेल नाही घरात."

"घरात रॉकेल नाही? शिंचा कसला देश तो!"

शेवटी गंज सोडवायचा कसला तरी फवारा सापडला. मेव्हणे हिरवळीवर आडवे, अण्णा आरामखुर्चीत वाकलेले, आणि मी मोबाइलची बॅटरी बघतोय. सव्वासात वाजता वीज गेली होती. इन्व्हर्टर पावसाळ्यात आमच्याकडे नवऱ्यामुलासारखा वागतो, म्हणजे ऐन वेळी रुसतो. बॅटरी चौदा टक्के. हिने मेणबत्ती आणून ठेवली. अण्णांच्या चेहऱ्यावर खालून प्रकाश पडल्यामुळे ते मोबाइलमध्ये फार भयंकर दिसत असावेत, कारण मेव्हण्यांची बायको मागून जाताना दचकली.

हात सुटला. मेव्हण्यांनी तो काढून घासला, खिळीला ग्रीस भरलं, परत बसवला. आता तो एका बोटाने हलत होता. मला वाटलं, झालं. अण्णा म्हणाले, "स्प्रिंग काढ. काढताना तोंड बाजूला धर, डोळ्यावर येते. काढलीस? आता मोकळी ठेव आणि बघ, वेटोळी एकमेकांना चिकटलेली आहेत की मध्ये फटी आहेत?"

"फटी आहेत."

"मेली ती. अडकलेल्या हाताला ओढून ओढून मेली. मोकळ्या स्प्रिंगची वेटोळी मिटलेली पाहिजेत. नवी आण."

मेव्हणे गाडी काढून गेले आणि आले. तेवढ्या वेळात मी शेजाऱ्यांकडून चार्ज केलेली बॅटरीची डबी मागून आणली. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. हिने जेवायला वाढू का विचारलं तर, "मुलगा दुकानात गेलाय," असं म्हणाले. जसा काही कोपऱ्यावर गेला होता.

नवी स्प्रिंग बसली. प्लगची वायर लागली. चावी लागली. अण्णांनी पुन्हा डोळे मिटले. इंजिन सुरू झालं. मेव्हण्यांनी खटका ओढला. एक क्षण पट्टा कुरकुरला, आणि मग किंचाळणं नाही, काही नाही, एकसारखा घनदाट आवाज. अण्णांनी मान डोलावली. कुमारांचा एखादा सूर लागल्यावर आमचे मॅनेजर डोलावतात, तशी.

"हां," म्हणाले. "आता वर्षातून एकदा खिळीला ग्रीस. काम झाल्यावर डबा खालून खरवडून काढायचा. ओलं गवत ठेवायचं नाही. ऐकतोयस?"

"ऐकतोय."

"जेवलास का?"

"अण्णा, इथे सकाळचे साडेअकरा वाजलेत."

"मग जेव."

फोन दोन तास चोवीस मिनिटं चालला होता.

तेव्हापासून शनिवारचा फोन बदलला, असं मी म्हणणार नाही. अजूनही 'बरा आहेस?' आणि 'पाऊस आहे का?' होतंच. पण त्यानंतर अण्णा विचारतात, "गवत किती आलं?" आणि मेव्हणे मोबाइल हातात घेऊन पायऱ्या उतरतात आणि दाखवतात. मागच्या आठवड्यात त्यांच्या शेजाऱ्याचं मशीन किंचाळत होतं. मेव्हण्यांनी कुंपणावरून वाकून त्या गोऱ्या गृहस्थाला विचारलं म्हणे, की तळाला टेकतोय की कडांवर? हे सांगताना ते लाजले. अण्णा म्हणाले, "चावी काढायला सांगितलीस ना त्याला?"

एक मात्र राहिलं. त्या दिवशी फोन ठेवताना अण्णांनी बजावलं होतं, "जुनी स्प्रिंग टाकू नकोस. येशील तेव्हा घेऊन ये. मला बघायची आहे." मेव्हण्यांनी ती धुऊनपुसून ठेवली आहे. तिकीट अजून काढलेलं नाही. डिसेंबरात दर फार चढतात, म्हणतात. अण्णांकडे पडवीत गिरणीची हत्यारं टांगलेली आहेत, पाने, टाक्या, राळेची पिशवी, सगळी आपापल्या खिळ्याला. परवा गेलो तेव्हा त्यांतला एक खिळा रिकामा दिसला. मी विचारलं, "अण्णा, इथलं काय काढलंत?"

"छोटा हातोडा," म्हणाले. "तो खाली ठेवला. जागा लागेल."